परवान्यात न बसणारं नातं

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावली आहेस हे पहिल्याच ओळीत कळलं. तुला मागेही सांगितलं होतं, फोनवर माणूस काय काय बोलून जातो आणि ते कोण कोण ऐकतं हे ज्याने धंदा म्हणून पाहिलंय तो फोनवर घरचं बोलत नाही. पत्र बरं. पाकीट कुणी फोडलं तर निदान फाटलेलं दिसतं.

खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तू ओळखशीलच. धंदा गोत्यात आला आहे. सरकारने खाजगी गुप्तहेर आणि सुरक्षा रक्षक यांच्यासाठी परवान्याचे नियम काढले आहेत, दोघांना मिळून एकच पुस्तक. मी परवाना कचेरीत जाऊन विचारलं की साहेब, पहारेकऱ्याने दिसायचं असतं आणि गुप्तहेराने दिसायचं नसतं, मग दोघांना एका दावणीला का बांधलंत. साहेबांनी शांतपणे समजावलं की दोघेही दुसऱ्यांवर नजर ठेवतात, तेव्हा कायद्याच्या लेखी दोघे सख्खे भाऊ. साहेब माणूस वाईट नाही. पुस्तकात जे आहे तेवढंच त्यांना दिसतं, पण ते अगदी स्वच्छ दिसतं.

आता नियम ऐक. कामावर असताना गणवेश, छातीवर बिल्ला, गळ्यात शिट्टी. जिथे काम चालू असेल तिथे परवान्याचा फलक दर्शनी भागात. म्हणजे मी कुणावर पाळत ठेवली तर शेजारी पाटी ठेवायची की इथे पाळत चालू आहे. उंची, छाती, नजर यांची तपासणी, मैदानावर धाव. आग विझवण्याचं आणि सलाम ठोकण्याचं प्रशिक्षण. इतकी वर्षं लग्नाआधीच्या चौकशा करून मी कुणाला सलाम ठोकला नाही, लोकच मला टाळत आले.

हे सगळं करीनही. घोडं पेंड खातंय ते पुढच्या नियमाशी. परवाना हवा तर संस्थेकडे निदान एक प्रशिक्षित रक्षक नोकरीला पाहिजे, आणि तो मालकाचा नातेवाईक असता कामा नये, रक्ताचाही नाही आणि लग्नाचाही नाही. म्हणे लोक आपले मेहुणे आणि पुतणे कागदावर रक्षक म्हणून भरायचे. परवाना पाच वर्षांचा. मधल्या काळात नातं जुळलं तरी परवाना रद्द. म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या बिचाऱ्याने पाच वर्षं आपल्या घरात लग्नसुद्धा करायचं नाही. ती चिंता नाही म्हणा. तुझ्या लेकीचं झालं, माझं राहून गेलं, आता आपल्या घरात लग्नाचं उरलंय कोण.

पण रक्षक आणू कुठून? सगळ्यांना बड्या कंपन्यांनी उचललंय. माझ्यासारख्याच्या एका खोलीच्या कचेरीत कोण येणार? ऑगस्टअखेर परवाना नाही मिळाला तर पाटी उतरवायची, आणि मला दुसरं काही येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तब्येत सांभाळ. माझ्यावरचा लोभ चालू ठेव, त्याला अजून तरी परवाना लागत नाही.

तुझा धाकटा


११ जून

चि. खबऱ्यास,
अ. उ. आ.

लहानपणी माझ्या चहाड्या आईकडे करत होतास तेव्हा तुला परवाना लागला नाही, म्हणून आता जड जातंय. कुणीतरी तुला मैदानावर पळवणार हे वाचून फार बरं वाटलं. तुझं पोट मी मागच्या भेटीत पाहिलंय.

चेष्टा पुरे. तुझ्यासाठी माणूस आहे. आमच्या इमारतीच्या फाटकावर बसतात ते कॅप्टन. कॅप्टन म्हणजे फौजेतले नव्हेत. पूर्वी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तिथली झालरवाली टोपी अजून घालतात म्हणून सगळे कॅप्टन म्हणतात. बँड मोडला, मग इथे आले. आता कमिटीने त्यांना कळवलंय की परवानाधारक संस्थेतर्फे आलात तर राहा, नाहीतर ऑगस्टनंतर खुर्ची मोकळी करा. बड्या कंपनीचा माणूस येऊन त्यांना आपादमस्तक न्याहाळून गेला आणि वय जास्त म्हणाला. नियमात वयाची अट नाही, ती त्याची स्वतःची.

तेव्हा तुला रक्षक हवा आणि त्यांना संस्था हवी. दोघांची सोय होईल.

माणूस कसा विचारशील, म्हणून आधीच लिहिते. बोलणं कमी. फाटकाच्या बिजागरीला स्वतःहून तेल घालतात. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढवून देतात आणि ते विसरले की पुन्हा उतरवून देतात. चहात साखर घेत नाहीत, आलं चालतं. वाचायचा नाद आहे. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होताना मी जी पुस्तकं घरी आणली ती एकेक करून नेतात, आणि पान दुमडत नाहीत. इतक्या वर्षांत शाळेत मला पान न दुमडणारा माणूस भेटला नाही. गुडघा थंडीत दुखतो, पण धावतील. दाढी रोज करतात.

कळव लवकर. जेवण वेळेवर घे, बाहेरचं खाऊ नकोस, आणि म्हाताऱ्या बहिणीला विसरू नकोस.

ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

देव पावला म्हणायचा. कॅप्टनचं नाव अर्जात घातलं. प्रशिक्षण तुमच्याच गावी आहे, दोघांचं एकत्र, तेव्हा मुक्काम तुझ्याकडे. गादी भिंतीकडून घाल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. रक्षकाची चारित्र्य पडताळणी मालकाने स्वतः करायची असा नियम आहे, आणि ती मी तुझ्या शिफारशीवर उरकणार नाही. दाढी रोज करतो हे चारित्र्यात येत नाही. मी माझ्या पद्धतीने करीन. माझी पद्धत तुला माहीत आहे. ज्याची चौकशी त्याला कधी विचारायचं नाही, त्याच्या शेजाऱ्याला, न्हाव्याला आणि शिंप्याला विचारायचं.

इकडे तात्पुरता परवाना आलाय आणि त्याबरोबर गणवेशही. काल पहिल्यांदा घालून कामावर गेलो. एका बाईंना नवऱ्याचा संशय आहे, तो रोज दुपारी दुकान सोडून कुठे जातो ते पाहायचं होतं. दुकानासमोर बिल्ला, शिट्टी आणि फलकासह उभा राहिलो. थोड्या वेळाने नवरा स्वतःच रस्ता ओलांडून आला, फलक वाचला, आणि विचारलं की माझ्या बायकोने पाठवलं का. मी म्हटलं, सांगता येत नाही. तर तो म्हणाला की उन्हात कशाला उभे राहता, मी दुपारी नाचाच्या शिकवणीला जातो, बायकोच्या वाढदिवसाला तिला चकित करायचंय. मला आत बसवून दोन गिरक्या करूनही दाखवल्या. बऱ्या करतो.

इतकी वर्षं लपूनछपून जे कळायला महिना लागायचा ते उघड उभं राहून चहाच्या कपात कळलं. कायद्यात काहीतरी आहे की काय असं क्षणभर वाटलं, पण मग बाईंना काय सांगू हा प्रश्न पडला. शेवटी सांगितलं की काळजीचं कारण नाही, फक्त घरात मोकळी जागा करून ठेवा.

बाकी क्षेम. धाकट्याला असाच माफ करत जा.

तुझा गणवेशधारी भाऊ


२ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. मुद्द्याचं लिहिते. आईला काहीतरी झालंय, तुला तपास करायचाय.

मागच्या आठवड्यात दोन दिवस माहेरी जाऊन आले. आई गुणगुणत होती. मामा, बाबा गेल्यापासून मी आईला गुणगुणताना ऐकलेलं नाही. पडदे नवीन लावलेत. भाजी चिरताना ती खिडकीशी बसते, तीसुद्धा फाटकाकडच्या खिडकीशी, जिथे उजेड कमी आहे. मी विचारलं तर म्हणाली की इथे वारा येतो. वारा अजिबात येत नव्हता. कपाटात ट्रम्पेट पुसायचं फडकं सापडलं. म्हटलं हे काय, तर म्हणाली चष्म्याचं आहे. ते टॉवेलाएवढं होतं.

मला राग वगैरे आलेला नाही. आधी वाईट वाटलं, मग झोपताना हसू आलं, मग पुन्हा थोडं रडू आलं, तेव्हा नक्की काय वाटतंय ते मलाच कळत नाहीये. पण ती विचारलं की विषय बदलते आणि मध्येच गप्प होते. ते मला आवडलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. फाटकावरच्या त्या कॅप्टनबद्दल काय ते शोध आणि मला खरं सांग. भाची म्हणून सवलत नको, रीतसर अहवाल दे.

आईला कळू देऊ नकोस. मामा म्हणून आहे तो जीव तसाच राहू दे.

तुझी भाची


९ जुलै

चि. खबऱ्यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा कमी. तुझ्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या उशीखाली ठेवते आहे.

तू प्रशिक्षणासाठी सोमवारी येणार होतास. शनिवारी दुपारी पाण्याचे मीटर तपासणारा होऊन, मिशी लावून, आमच्या जिन्याखाली काय करत होतास? आमचे मीटर जिन्याखालून काढून रस्त्याकडे नेले त्याला युग लोटलं. कॅप्टननी तुला ते अदबीने सांगितलं, तर तू म्हणालास की मी जुन्या मीटरच्या खात्यातला माणूस आहे. अशी नोकरी सरकारातसुद्धा नसेल.

मग त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. अनोळखी माणूस पटेल असं उत्तर देत नसेल तर त्याला सन्मानाने बसवून ठेवावं आणि ओळख पटवणारा येईपर्यंत जाऊ देऊ नये, असं तूच पाठवलेल्या पुस्तकात आहे. तुला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः उभे राहिले. मी भाजी घेऊन येईपर्यंत दुपार कलली होती. तू तोंडातून शब्द काढला नाहीस. धंद्याची शपथ म्हणे. मी फाटकातून आत येते तर माझा सख्खा भाऊ अर्धी मिशी गालावर घेऊन बसलेला, आणि अर्धी इमारत गॅलरीत.

वर मला कॅप्टनसमोर विचारतोस की हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं.

ते मात्र हसले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले की पाहुण्यांनी आत येताना फाटकाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, तुम्हीही तसंच करता, तेव्हा मला आधीच ओळखायला हवं होतं. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली. तू घेतलीस का? तू जेवताना भात कच्चा आहे म्हणालास.

काल दोघांची डॉक्टरी तपासणी झाली हे तुला ठाऊकच आहे, पण तू स्वतःच्या लाजेत होतास म्हणून सांगते. कॅप्टननी श्वास भरला तेव्हा डॉक्टरांच्या हातातली टेप संपली. दुसरी मागवली. ट्रम्पेटवाल्याची छाती आहे ती. डॉक्टर म्हणाले की एवढी हवा एका माणसात त्यांनी कधी पाहिली नाही. तुझ्या वेळी पहिल्या टेपची बरीच उरली.

आता मैदानावर तरी नीट वाग. इस्त्रीवालीकडे आणि शिंप्याकडे माझ्याबद्दल चौकशा करत हिंडतोस तेही माझ्या कानावर आलंय. बहीण आहे मी तुझी, संशयित नव्हे.

राग आठवडाभर राहील. नंतर नेहमीसारखी माया धरून चाल.

ताई


२२ जुलै

चि. भाचीस,
अ. आ.

तुझ्या मागणीप्रमाणे अहवाल पाठवतो.

पहिलं, कॅप्टन. मी आजवर शेकडो माणसं उलटीपालटी करून पाहिली. कुणाचं कर्ज निघतं, कुणाचं दुसरं घर. या माणसाचं काहीच निघेना. शेवटी न्हाव्याने एक काढलं की तो ट्रम्पेट वाजवताना डोळे मिटतो आणि समोरचं काही पाहत नाही. पहारेकऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे, म्हणून अहवालात नोंदवला.

मैदानावर मला धावायला लावलं तेव्हा अर्ध्यात माझे हात टेकले. कॅप्टन पुढे होता. गुडघा दुखत असतानाही तो मागे वळला आणि माझ्या बाजूने, माझ्याच चालीने पळत राहिला, तोंडाने बँडचा ठेका धरून. त्या ठेक्यावर मी शेवटपर्यंत पोचलो. पास झालो तो त्याच्यामुळे, आणि तो हे कुणाला बोलला नाही.

दुसरं, तुझी आई. कोपऱ्यावरचा शिंपी सांगत होता की बाईंनी कॅप्टनच्या मापाचा काळा कोट शिवायला टाकलाय. कापड चांगलं आहे. शिंप्याने विचारलं की कधी हवा, तर म्हणाली की घाई नाही. शिवणीत माया जास्त ठेवा, कोट पाच वर्षांनी घालायचा आहे, तोवर माणूस सुटेलही.

पोरी, शिंप्याच्या दुकानात स्टुलावर बसून मी बोटांवर वर्षं मोजली. पाच वर्षं म्हणजे माझ्या परवान्याची मुदत. ती दोघं लग्न ठरवून बसली आहेत. माझ्या पहिल्या पत्रात नात्याचा नियम तिने वाचला आणि काही न बोलता कॅप्टनला माझ्या स्वाधीन केलं. आता लग्न केलं तर माझा परवाना जाईल, धंदा जाईल. म्हणून ती दोघं थांबणार. आणि मी त्याच पत्रात लिहिलं होतं की आपल्या घरात लग्नाचं उरलंय कोण. तेही तिने मुकाट्याने वाचलं असेल.

तुझी आई अठ्ठावन्नची आहे. लोकांच्या घरातलं काय काय मी शोधून काढलं, आणि सख्ख्या बहिणीने आलं घातलेल्या चहाबद्दल लिहिलं तेव्हा मला वाटलं की ती चहाबद्दलच लिहितेय.

तू विचारशील की मामा, आता काय करणार. खरं सांगतो, मला माहीत नाही. धंदा सोडला तर मी कोण? एवढंच ठाऊक आहे की कॅप्टनवर दोष काढायला गेलो होतो आणि दोष निघाला तो माझ्या वाचण्यात. आईला कळवू नकोस. तुला काय वाटतं ते मात्र लिही.

तुझा मामा


२९ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल वाचला. कोटापर्यंत आले आणि पुढचं संध्याकाळी वाचलं.

मला काय वाटतं विचारलंस. मला वाटतं की आईने गुणगुणावं. बाबांचा फोटो तिने भिंतीवरून हलवलेला नाही, उलट नवीन पडद्यामुळे त्याच्यावर येणारं ऊन थांबलंय, हे मी आत्ता नीट आठवून पाहिलं. तेव्हा माझ्याकडून काही अडचण नाही.

पण तुझा धंदा घालव असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तू माझ्या नवऱ्याचीसुद्धा चौकशी केली होतीस आणि मला कळू दिलं नव्हतंस, हे त्याने मला लग्नानंतर सांगितलं. तुझ्याशिवाय ते काम कोण इतक्या वाईट मिशा लावून करेल?

साहेबांना विचार ना, एखादी वाट निघते का. मामाच्या डोक्यावर भार टाकते आहे, राग मानू नकोस.

तुझी भाची


५ ऑगस्ट

चि. खबऱ्यास,
अ. उ. आ.

राग संपला. मुलाखतीची तारीख आल्याचं कॅप्टनना कळवलं. त्यांनी गणवेशाला स्वतः इस्त्री केली, इस्त्रीवालीला हात लावू दिला नाही. बिल्ला खोबरेल तेलाने चमकवलाय. बँडची टोपी काढून नियमातली टोपी घालावी लागणार याचं थोडं वाईट वाटलं त्यांना, पण बोलले नाहीत. मला कळलं.

साहेबांसमोर उगाच हुशारी करू नकोस. विचारतील तेवढंच सांग. एकदा परवाना हातात पडला की तुझ्या जिवाला स्वस्थता आणि त्यांची खुर्ची कायम. मग सगळं सुरळीत होईल.

तू मधे पत्रात विचारलंस की ताई, तुला काही सांगायचंय का. मला काय सांगायचं असणार? आमचं काय, आम्ही इथेच आहोत. तो वर बसतो, मी खाली बसते, दिवस जातो. उलट लिहिलं, मी वर आणि ते खाली. चष्मा बदलायला झालाय.

तू सुखात राहिलास की माझं भरून पावलं. आई गेली तेव्हा तुझा हात माझ्या हातात दिला होता, तो मी सोडलेला नाही. सांभाळून जा, आणि बहिणीवर विश्वास ठेव.

ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईस व ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

वरचा मायना वाचून चष्मा पुसू नकोस. बरोबर वाचलंस. हा शब्द लिहून मला कितीतरी वर्षं झाली होती.

कॅप्टनना, म्हणजे भावोजींना, मी बाहेरच्या बाकावर बसवून आत गेलो, तेव्हा आत काय झालं ते त्यांनाही ठाऊक नाही. येताना फक्त काम झालं म्हणालो. काय झालं ते आता सांगतो.

साहेबांनी सगळे कागद पाहिले, माझी छाती पुन्हा एकदा वाचली, आणि शेवटचा प्रश्न विचारला की तुमचा हा रक्षक तुमचा कुणी लागतो का. मी म्हटलं, हो, माझे भावोजी लागतात.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, अर्जात तर तसं नाही. मी म्हटलं, अर्ज भरला तेव्हा मला माहीत नव्हतं, तपास नंतर लागला. त्यांनी विचारलं, लग्न कधी झालं. मी म्हटलं, व्हायचं आहे. तेव्हा साहेबांनी पुस्तक उघडलं आणि बराच वेळ पानं चाळली. होऊ घातलेल्या भावोजींबद्दल नियम नव्हता. ते मला समजावू लागले की आज तुम्ही कायद्याने कुणी नाही, गप्प राहिलात तर मी सही करतो. मी म्हटलं, साहेब, मी गप्प राहिलो तर दोन माणसं पाच वर्षं एक खिडकी आणि एक फाटक एवढ्यावर काढतील. परवाना नाकारा. त्यांच्या कारकिर्दीत नाकारा म्हणून सांगायला आलेला मी पहिलाच. बिचाऱ्यांना त्यासाठी शिक्का शोधावा लागला, मंजुरीचा वर होता आणि नामंजुरीचा कुठे तळाशी.

ताई, तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? म्हणून आधी शिक्का मारून घेतला आणि मग कळवतो आहे. आता रागावून उपयोग नाही, सरकारी काम आहे.

पाटी काल उतरवली. भिंतीवर तिच्या जागी चौकोन राहिलाय. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, स्क्रू काढताना डोळ्यांत पाणी आलं.

पण उपाशी मरत नाही, काळजी नको. परवाना कचेरीच्या फाटकावरचा रक्षक धावण्याच्या परीक्षेत नापास होऊन घरी गेलाय. साहेबांना प्रशिक्षित माणूस हवा होता, आणि माझ्याकडे सलामापासून आगीपर्यंत सगळं शिकल्याचा दाखला आहे. शिक्का मारलेला कागद माझ्या हातात देऊन त्यांनी त्याच बैठकीत मला ठेवून घेतलं. गेल्या सोमवारपासून मी फाटकावर आहे. परवान्यासाठी आलेला जो तो आधी मलाच सगळं सांगतो, कुणाचा पुतण्या कुठे भरलाय, कुणाची छाती कुणी मोजून दिली. इतकी माहिती गुप्तहेर असताना कधी मिळाली नव्हती. कुणाला सांगत नाही. सवय आहे.

भावोजींच्या खुर्चीचं मी पुस्तकात पाहून ठेवलंय. बाहेरून नेमलेल्या रक्षकाला परवाना लागतो. लग्नानंतर ते तुझ्याकडेच राहणार, आणि इमारतीत राहणाऱ्याने आपल्याच फाटकात आपलीच खुर्ची टाकून बसण्यावर नियम नाही. तेव्हा कोट शिंप्याकडून आण, घाई आहे.

दोघांनी धाकट्याला आपलं म्हणत राहावं.

तुमचा भाऊ आणि मेहुणा


३ सप्टेंबर

चि. खबऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर काय लिहावं ते सुचेना म्हणून उशीर झाला. पहिला दिवस तुला मनात शिव्या देण्यात गेला. दुसरा रडण्यात. तिसऱ्या दिवशी लेकीला फोन केला तर तिला सगळं आधीच माहीत. तुम्हा मामा-भाचीला कुणीतरी खरंच परवाना लावायला हवा.

लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायला शुक्रवारी येतोस ना? मिशी न लावता ये. तुझ्यासाठी रजा मागायला मीच साहेबांना लिहिणार होते, पण लेक म्हणाली की आई, तू गप्प बस.

कोट आणला. शिंपी ठेवलेली माया कापून टाकू का विचारत होता. मी म्हटलं, राहू दे.

कमिटीत आज वाद झाला की राहणाऱ्याने फाटकावर बसावं का. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की मग मला वर कोण नेणार. तिथे विषय संपला. खुर्ची आहे तिथेच आहे, आणि टोपी पुन्हा झालरवाली.

एक गोष्ट राहिली. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते त्यांच्या हातात दिलं, वाचून दाखवायचं मला धाडस झालं नाही. ते मायन्यापाशीच थांबले, पुढे वाचलंच नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि ट्रम्पेट काढलं. म्हणाले, तुमच्या भावासाठी एक धून वाजवतो. ओठांना लावलं, श्वास भरला, आणि आवाज येईना. पुन्हा भरला. तरी नाही. ज्या छातीपुढे डॉक्टरांची टेप संपली होती, तिच्यातून त्या दिवशी फुंकर निघाली नाही.

ह्यांनी तुला आशीर्वाद सांगितला आहे.

तुझी ताई